ओपन सोर्स प्रोजेक्टच्या कारभारासाठी स्वयंसेवक कसे जोडायचे

मार्च २०१९ मध्ये डेबियनच्या प्रोजेक्ट लीडरपदासाठी नावं देण्याची मुदत संपली, तेव्हा एकही नाव आलेलं नव्हतं. डेबियन म्हणजे लिनक्सवर आधारलेली, कोड सर्वांसाठी खुला (ओपन सोर्स) असलेली ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारा, जगभरात हजाराच्या आसपास डेव्हलपर असलेला, १९९८ पासून स्वतःची लिखित घटना पाळणारा प्रोजेक्ट. सुदैवाने अशा वेळी मुदत एका आठवड्याने वाढवायची, ही सोय घटनेतच होती. मुदत वाढली, त्या आठवड्यात उमेदवार पुढे आले, रीतसर निवडणूक झाली आणि सॅम हार्टमन लीडर झाले.

माणसं तीच होती, फक्त आठवडा वेगळा होता. ‘कारभार सांभाळायला कोणी मिळत नाही’ असं जे प्रोजेक्ट म्हणतात, त्यांतल्या बहुतेकांकडे योग्य माणसं असतात, असं माझं ठाम मत आहे. काम नेमकं किती, किती महिन्यांचं आणि ते कोणाकडून हवंय, हे त्या माणसांना कोणी सांगितलेलं नसतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘सेक्रेटरी कोण होतंय?’ असं सगळ्यांना मिळून विचारलं की सगळे माना खाली घालतात. त्यांतल्याच एकीला ‘पुढचं वर्षभर पाण्याच्या टाक्यांचं काम बघाल का?’ असं विचारलं, तर ती बहुधा हो म्हणते. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या याच फरकावर उभ्या आहेत.

पायरी १ : काम कागदावर आणा

महिनाभर एक फाइल उघडी ठेवा. कोड लिहिणं सोडून प्रोजेक्टसाठी जे जे केलं, ते तारखेसह तिच्यात टाकत जा. इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या चुका आणि सूचना) वाचून त्यांना लेबलं लावणं, रिलीजची (नव्या आवृत्तीची) तारीख ठरवणं, दोन कॉन्ट्रिब्यूटरमधला वाद मिटवणं, सुरक्षेतल्या त्रुटीबद्दल आलेल्या खासगी मेलला उत्तर देणं, डोमेनचे पैसे भरणं, कोणाला मर्जचे (इतरांचा कोड मूळ कोडात मिसळण्याचे) अधिकार द्यायचे ते ठरवणं, बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, आचारसंहितेबद्दलची तक्रार ऐकणं, प्रायोजक कंपनीच्या प्रश्नांना तोंड देणं. महिन्याअखेर ही यादी बघितली की कळतं, एकटा मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा माणूस) पाच-सहा वेगळ्या भूमिका ओढतोय.

मग यादीचे दोन भाग करा. ज्या कामाला अधिकार लागतात ते एकीकडे, ज्याला लागत नाहीत ते दुसरीकडे. दुसरा भाग नेहमीच मोठा निघतो. इतिवृत्त लिहायला, इश्यूंना लेबलं लावायला, रिलीजच्या टिपा जमवायला कसलीही किल्ली लागत नाही. ही कामं आजच दुसऱ्याला देता येतात, आणि पुढे अधिकाराच्या जागांवर येणारी माणसं यांतूनच घडतात.

प्रत्येक कामाचं वर्णन अर्ध्या पानापेक्षा मोठं नको. नमुना असा :

*काम :* रिलीज समन्वय. तारखा ठरवणं, अडकलेले इश्यू दर आठवड्याला सगळ्यांसमोर मांडणं, रिलीजच्या टिपा तयार करणं.
*वेळ :* आठवड्याला साधारण दोन तास, रिलीजच्या आठवड्यात पाचपर्यंत.
*मुदत :* दोन रिलीज. त्यानंतर थांबायचं की पुढे जायचं, हे तुम्ही ठरवायचं.
*अधिकार :* एखादा बदल या रिलीजमधून पुढच्यात ढकलण्याचा. कोड मर्ज करण्याचा नाही.
*सोबत :* आधीची समन्वयक पहिला पूर्ण रिलीज तुमच्याबरोबर असेल.

‘वेळ’ आणि ‘मुदत’ या दोन ओळी कधीही गाळू नका. नोकरी, घर, परीक्षा सांभाळून येणारा माणूस आधी तेवढंच वाचतो.

पायरी २ : बोलावण्याआधी नियम लिहा

ही पायरी सगळ्यांत कंटाळवाणी वाटते, आणि सगळ्यांत जास्त वेळ हिलाच द्यायला हवा. नियम नसलेल्या समितीत येणाऱ्या माणसाला आपण काय ठरवू शकतो ते माहीत नसतं, आणि वाद झाला की आपल्या पाठीशी कोण उभं राहील तेही माहीत नसतं.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. १२ जुलै २०१८ रोजी तिचे जनक ग्विडो व्हान रॉसम यांनी अंतिम निर्णयाच्या भूमिकेतून निवृत्ती जाहीर केली. पेप ५७२ वरच्या वादाने ते थकले होते (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा लेखी प्रस्ताव). त्यांनी वारस नेमला नाही. पुढे कसं चालवायचं ते कोअर डेव्हलपरांनीच ठरवावं, असं सांगितलं. मग अनेक महिने चर्चा झाली, कारभाराचे वेगवेगळे सात आराखडे लेखी मांडले गेले आणि डिसेंबरमध्ये मतदान होऊन त्यांतला पेप ८०१६, म्हणजे पाच जणांच्या स्टिअरिंग कौन्सिलचा आराखडा, निवडला गेला. स्टिअरिंग कौन्सिलवरची पहिली पाच माणसं २०१९ च्या सुरुवातीला निवडून आली. आधी नियम, मग माणसं, असा हा क्रम होता. अंतिम निर्णय घेणारंच कोणी नसलेल्या काळात घाईने पाच नावं जाहीर करण्याचा मोह किती मोठा असेल! तो त्यांनी टाळला.

त्या नियमांतल्या काही गोष्टी कोणत्याही प्रोजेक्टने उचलाव्यात. कौन्सिलची मुदत एका मोठ्या रिलीजपुरती असते, म्हणजे आताच्या वेळापत्रकाप्रमाणे साधारण वर्षभर. एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त सभासद कौन्सिलवर चालत नाहीत. कोअर टीमला दोन तृतीयांश मतांनी अविश्वास ठराव करता येतो. आणि कौन्सिलला अधिकार भरपूर असले, तरी ते शक्य तितके कमी वापरावेत असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

याच्या उलट अनुभव रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रोजेक्टला आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या मॉडरेशन टीमने (आचारसंहिता पाळली जाते का ते बघणाऱ्या गटाने) एकत्र राजीनामा दिला. कोअर टीम स्वतःखेरीज कोणालाही उत्तरदायी नाही, त्यामुळे तिच्यावर आचारसंहिता लागू करता येत नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. ती माणसं मनापासून काम करणारी होती. त्यांना दिलेल्या कामाला पुरेल असा अधिकार रचनेतच नव्हता. रस्टची नवी लीडरशिप कौन्सिल उभी राहायला जून २०२३ उजाडला. स्वयंसेवकाला जबाबदारी देताना ती पार पाडण्याचा अधिकारही द्यायला हवा, याचं यापेक्षा ठसठशीत उदाहरण माझ्या माहितीत नाही.

तुमचा प्रोजेक्ट चार-पाच जणांचा असेल तर मोठ्या प्रोजेक्टची नियमावली उचलून आणू नका. एक पान पुरतं. निर्णय कसा होतो, कोणाला मत आहे, मुदत किती, रिकामी जागा कशी भरायची, एखाद्याला कसं काढायचं आणि हे नियम कसे बदलायचे, एवढ्या सहा प्रश्नांची उत्तरं त्यावर असली की झालं. किती माणसं हवीत, असं विचाराल तर किमान तीन. अनेक ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशन या संस्थेच्या कोणत्याही प्रोजेक्टला रिलीज काढायला समितीतल्या निदान तिघांचा होकार लागतो. दोघांत मतभेद झाला की काम अडतं, आणि एकटा असला की तो आजारी पडतो तेव्हा प्रोजेक्टही पडतो.

पायरी ३ : आधीपासून कारभार करणारी माणसं शोधा

सगळ्यांत जास्त कमिट (कोडात केलेले बदल) कोणाचे, ही यादी बाजूला ठेवा. चांगला कोड लिहिणाऱ्या माणसाला लोकांचं ऐकून घ्यायला आवडतंच असं नाही, आणि त्याला समितीत ओढून तुम्ही एक उत्तम प्रोग्रामर घालवून बसता.

गेल्या सहा ते बारा महिन्यांतल्या चर्चा वाचा आणि वेगळी माणसं शोधा. नवख्याच्या तिसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नालाही कोण शांतपणे उत्तर देतं? वाद तापल्यावर ‘दोघांचं म्हणणं असं दिसतंय’ असा गोषवारा कोण लिहितं? आपला प्रस्ताव फेटाळला गेल्यावरही कोण टिकून राहिलं? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कारभारात आपलं म्हणणं अर्ध्या वेळा मान्य होत नाही, आणि तरी ठरलेलं काम करावं लागतं.

दस्तऐवज लिहिणारे, चाचणी करणारे, भाषांतरकार यांच्याकडे सहसा कोणाचं लक्षच जात नाही. मराठी वाचकांनी यातल्या शेवटच्या गटाकडे मुद्दाम बघावं. ग्नोम, केडीई, लिबरऑफिस, फायरफॉक्स या सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरात स्वयंसेवकांचा वाटा आहे. स्ट्रिंग फ्रीझ (रिलीजआधी स्क्रीनवरचा मजकूर बदलणं थांबवणं) कधी, रिलीज कधी, कोणता बदल ऐन वेळी घुसवला तर किती भाषांचं काम वाया जातं, हे भाषांतरकाराला पुरतं ठाऊक असतं. रिलीज समन्वयासाठी याहून चांगली तयारी कोणती?

कुबर्नेटिस या, अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवण्याची व्यवस्था बनवणाऱ्या, मोठ्या प्रोजेक्टने हा विचार मतदार यादीतच आणला आहे. स्टिअरिंग कमिटीच्या निवडणुकीत मत द्यायला वर्षभरात किमान पन्नास योगदानांची अट आहे. मात्र ज्यांचं काम त्या मोजणीत दिसत नाही, त्यांना वेगळा अर्ज भरून मताचा हक्क मागता येतो. नुसता आकडा लावला की बैठका घडवून आणणारी आणि नवख्यांना सांभाळणारी माणसं यादीतून गळतात.

भारतातल्या कॉलेजांतून येणाऱ्या गर्दीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. हॅक्टोबरफेस्ट हा ओपन सोर्समध्ये योगदान देणाऱ्यांना टी-शर्ट देणारा ऑनलाइन उपक्रम. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या टी-शर्टसाठी अर्थहीन पुल रिक्वेस्टांचा (कोडात बदल सुचवणाऱ्या विनंत्यांचा) इतका पूर आला, की ज्या प्रोजेक्टांना हवं असेल त्यांनीच सहभागी व्हावं, असा बदल आयोजकांना महिना संपायच्या आत करावा लागला. तेव्हापासून अनेक मेंटेनर भारतीय विद्यार्थ्यांकडे संशयाने बघतात. ते चूक आहे. त्याच कॉलेजांतल्या काही मुली-मुलांना टी-शर्टमध्ये रस नसतो. त्यांना कोणी खरं काम दिलेलं नसतं. अशा विद्यार्थिनीला एका सत्रापुरतं इश्यूंना लेबलं लावण्याचं काम द्या आणि दर आठवड्याला अर्धा तास तिच्याबरोबर बसा. परीक्षेच्या महिन्यात सुट्टी द्या, तीही आधी सांगून. कामाची मुदत आणि परीक्षेचं वेळापत्रक जुळवलं की टिकण्याची शक्यता खूप वाढते.

पायरी ४ : नाव घेऊन विचारा

सर्वांसाठी खुलं आवाहन करायलाच हवं, कारण त्याशिवाय जागा ओळखीतल्या ओळखीत वाटल्या जातात. पण आवाहनावर विसंबून राहू नका. नवखी, बिगर-इंग्रजी वातावरणातून आलेली किंवा या क्षेत्रात अल्पसंख्य असलेली माणसं आवाहन वाचतात आणि ‘हे आपल्यासाठी नसणार’ म्हणून पुढे जातात. म्हणून आवाहन टाकलं की त्याच दिवशी, तुमच्या यादीतल्या प्रत्येकाला वेगळा खासगी निरोप पाठवा. नमुना :

*नमस्कार. गेल्या रिलीजच्या वेळी इन्स्टॉलरच्या वादात तुम्ही दोन्ही बाजूंचा जो गोषवारा लिहिलात, त्यामुळे निर्णय दोन दिवसांत झाला. इश्यू-टीमसाठी आम्ही एक माणूस शोधतोय आणि मला तुमचं नाव सुचलं. आठवड्याला दोन तास, सहा महिने. कामाचं वर्णन सोबत जोडलं आहे. पहिला महिना मी बरोबर असेन. विचार करायला दोन आठवडे घ्या. नाही म्हणालात तरी तुमच्या सध्याच्या कामावर काही परिणाम होणार नाही. काय अडचण वाटली ते कळवलंत तर मदत होईल.*

पहिल्या वाक्यातला तपशील खरा आणि त्या व्यक्तीचाच हवा. ‘तुमचं योगदान मोलाचं आहे’ असं लिहिलेला निरोप सगळ्यांना पाठवलाय, हे लगेच ओळखू येतं. शेवटच्या वाक्याचं उत्तर जपून ठेवा. तीन जणांनी ‘बैठक रात्री फार उशिरा असते’ असं कळवलं, तर दोष माणसांचा नाही, बैठकीच्या वेळेचा आहे.

पायरी ५ : आधी बरोबर बसवा, मग खुर्ची द्या

कुबर्नेटिसच्या रिलीज टीममध्ये प्रत्येक भूमिकेच्या प्रमुखाबरोबर ‘शॅडो’ असतात. ते पूर्ण रिलीजभर शेजारी राहून काम शिकतात, आणि पुढच्या खेपेचे प्रमुख बऱ्याचदा त्यांच्यातूनच येतात. वर्षाला तीन रिलीज, म्हणजे दर चार महिन्यांनी नवी तुकडी तयार. कारभारासाठी माणसं घडवण्याची याहून चांगली पद्धत मी पाहिलेली नाही. छोट्या प्रोजेक्टला एक शॅडोही पुरतो. अट एकच : त्याला खरं काम मिळालं पाहिजे. पहिल्या बैठकीत ऐकायचं, दुसऱ्या बैठकीत इतिवृत्त लिहायचं, तिसरी बैठक त्यानेच चालवायची.

कुबर्नेटिसमध्येच सभासद व्हायला दोन शिफारसी लागतात, आणि त्या वेगवेगळ्या कंपन्यांतल्या लोकांकडून हव्यात. आपल्या सभांमधले सूचक आणि अनुमोदकच हे. छोट्या प्रोजेक्टनेही ही प्रथा ठेवावी. सूचकाने तीन-चार ओळींत लिहायचं, की या व्यक्तीचं कोणतं काम मी स्वतः पाहिलं आहे.

पायरी ६ : विश्वास ठेवा, पण किल्ल्या एकदम देऊ नका

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या, फाइली लहान करणाऱ्या आणि असंख्य सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या कोडात चोरून पेरलेली मागची वाट (बॅकडोअर) उघडकीला आली. अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, म्हणून ते खोलात गेले आणि जगभरचे सर्व्हर थोडक्यात वाचले. ‘जिया टॅन’ नावाच्या खात्याने दोनेक वर्षं नीट काम करून सह-मेंटेनरची जागा मिळवली होती. त्याच काळात इतर खात्यांवरून एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर दबाव येत होता, की काम रखडतंय, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या.

या घटनेमुळे कित्येक मेंटेनर नव्या माणसाला आत घ्यायला घाबरू लागले. मला वाटतं, धडा नेमका उलटा आहे. हल्ला इतका पुढे गेला तो मेंटेनर एकटा होता म्हणून. चार-पाच जण आधीच कामात असते तर दबाव आणणाऱ्याला कोणी तरी विचारलं असतं, ‘घाई कसली?’ म्हणून माणसं घ्या, पण अधिकार वेगवेगळे ठेवा. मर्ज करणं, रिलीजवर सही करणं, सर्व्हर सांभाळणं, पैसे काढणं या चार किल्ल्या एकाच्या हातात नकोत. प्रत्येक रिलीज दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय बाहेर जाऊ नये. सगळ्या खात्यांना दोन-टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं करा. आणि कोणी बाहेरून घाई करू लागलं, की ठरलेली प्रक्रिया मुळीच आखडती घेऊ नका.

डेबियनमध्ये नव्या डेव्हलपरला आधीच्या डेव्हलपरची शिफारस लागते, त्याच्या एन्क्रिप्शन किल्लीवर (एक प्रकारच्या डिजिटल ओळखपत्रावर) इतरांनी ओळख पटवून सह्या कराव्या लागतात आणि प्रश्नोत्तरांतून जावं लागतं. छोट्या प्रोजेक्टला एवढं झेपणार नाही. पण निदान एकदा व्हिडिओवर बोलणं, आणि जमलं तर एखाद्या परिषदेत प्रत्यक्ष भेटणं, हे सहज जमतं.

पायरी ७ : निवड

जागांपेक्षा उमेदवार जास्त असतील आणि मतदार पन्नासच्या वर असतील तर निवडणूक घ्या. मतदाराने पसंतीक्रम लावायचा, अशी कॉन्डॉर्से पद्धत डेबियन वर्षानुवर्षं वापरतो. तिथे ‘यांपैकी कोणीही नको’ हा पर्यायही मतपत्रिकेवर असतो. त्याहून लहान गटात अपाचीची रीत बरी : समितीने खासगीत चर्चा करून मत घ्यायचं, किमान ७२ तास खुलं ठेवायचं, म्हणजे कोणत्याही टाइम झोनमधला माणूस सुटत नाही. होकार आला की मग उमेदवाराला विचारायचं. नकार आला तर त्याची चारचौघांत शोभा होत नाही.

निवडून न आलेल्यांना निकालाच्या दिवशीच फोन किंवा निरोप करा आणि एखादं ठरावीक काम पुढे ठेवा. ज्याने उभं राहण्याची तयारी दाखवली, तो पुढच्या वर्षीचा तुमचा पहिला उमेदवार आहे.

पायरी ८ : वेळ आणि खर्च

कॅलिफोर्नियातल्या सकाळी नऊची बैठक आपल्याकडे रात्री साडेनऊला येते, आणि तिकडे हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की साडेदहाला. पुण्याची किंवा पणजीची स्वयंसेवक दर आठवड्याला तेवढं जागेल, पण वर्षभर नाही. बैठकीच्या दोन वेळा ठेवा आणि आलटून पालटून वापरा. निर्णय बैठकीत होऊच नयेत, हे तर त्याहून चांगलं : प्रस्ताव लेखी मांडा, तीन दिवस थांबा, हरकत आली नाही तर मंजूर समजा. इतिवृत्त दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर यायला हवं.

नोकरी करणाऱ्यांना पद घेण्याआधी आपला करार वाचायला सांगा. अनेक कंपन्यांत बाहेरच्या कामाला लेखी परवानगी लागते. प्रोजेक्टकडून एक पत्र दिलंत तर ती मिळणं सोपं जातं. आणि कोणीही प्रोजेक्टसाठी खिशातून खर्च करायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. खर्चाला पैसे नसतील तर तो खर्च पुढे ढकला.

पायरी ९ : बाहेर पडण्याची वाट

जाता येत नाही अशा जागेवर कोणी येत नाही. डेबियनच्या टेक्निकल कमिटीवर (तांत्रिक वाद मिटवणाऱ्या समितीवर) पूर्वी मुदतच नव्हती. २०१४ च्या मतदानानंतर नियम आला, की ४२ महिन्यांपेक्षा जास्त सेवा झालेल्यांपैकी सर्वांत जुने दोघे वर्षाच्या अखेरीला बाजूला होतात. एका वेळी दोघेच जात असल्याने अनुभवही शिल्लक राहतो. कुबर्नेटिसमध्ये सात जागांपैकी एका वर्षी तीन आणि दुसऱ्या वर्षी चार भरल्या जातात, त्यामागेही हाच विचार आहे.

मुदत संपायच्या तीन महिने आधी प्रत्येकाशी एकट्याने बोला : पुढे राहायचंय का, काय जड गेलं, तुमच्या जागी कोण चालेल? ‘नाही’ म्हणणाऱ्याला आग्रह करू नका. त्याच्या हातातल्या किल्ल्या, पासवर्ड आणि अर्धवट कामं यांची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. शेवटच्या दिवशी अधिकार काढा, नाव सन्माननीय सभासदांच्या यादीत टाका आणि परत यायचं असेल तर काय करावं लागेल, हे त्याच निरोपात कळवा. त्याने सुचवलेल्या माणसाला त्याच आठवड्यात पायरी ४ मधला निरोप पाठवा, म्हणजे नव्या माणसाला निदान दोन महिने त्याच्याबरोबर बसता येईल.